स्टुटगार्टला एक्सचेंजला जाताय? हॉस्टेल घ्यायचं की वेगे

एक्सचेंजचं लेटर आलं की दोन दिवस नुसता आनंद असतो, आणि मग तिकडच्या युनिव्हर्सिटीचा मेल येतो की हॉस्टेलला अर्ज करणार का ते लवकर कळवा, आणि शेवटची तारीख असते अगदी तोंडावर. मी पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला वर्षभरासाठी गेले होते. ऑक्टोबर ते मार्च हॉस्टेलमध्ये राहिले आणि एप्रिलपासून शहरात एका वेगेमध्ये, म्हणजे तिघांनी मिळून चालवलेल्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. दोन्ही केलंय म्हणून लिहितेय, कारण निघायच्या आधी मला ज्याने त्याने जे सांगितलं ते सगळं भाड्याबद्दल होतं, आणि भाडं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकाच सेमिस्टरसाठी जात असाल तर हॉस्टेल घ्या, तेसुद्धा कॉमन किचनवालं. वर्षभर असाल तर पहिलं सेमिस्टर हॉस्टेल, आणि मग तिथे राहून डोळ्यांनी बघून वेगे शोधा. भारतात बसून वेगे पक्की करायचा हट्ट सोडा.

आता जागा कशी आहे ते. स्टुटगार्ट शहर टेकड्यांच्या मधल्या खळग्यात वसलंय, तिकडचे लोक त्याला केसेलच म्हणतात, म्हणजे आपली कढई. युनिव्हर्सिटीचे भाग दोन, एक खाली शहरात मेन स्टेशनजवळ आणि दुसरा वर फायहिंगेनला, कढईच्या बाहेर, जंगलाला लागून. इंजिनिअरिंगवाल्यांचं बहुतेक सगळं वरच असतं. आल्मांडरिंग, फाफेनवाल्डरिंग ही हॉस्टेलं त्याच कॅम्पसवर आहेत, मी सव्वाआठचं लेक्चर असलं तरी पावणेआठला उठायचे. वेगे शहरात होती तेव्हा एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने जायचे, एस-१, एस-२, एस-३ तिन्ही युनिव्हर्सिटीला थांबतात आणि मेन स्टेशनपासून दहा-अकरा मिनिटांत पोचवतात, त्यामुळे अंतराचा बाऊ करू नका. फक्त माझी वेगे पश्चिमेकडच्या भागात जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होती, लिफ्ट नाही, आणि स्टुटगार्टमध्ये रस्त्यांऐवजी कित्येक ठिकाणी नुसते जिने आहेत, टेकडी चढायला. किराणा घेऊन ते रोज चढायचं हे लक्षात ठेवा, गुडघ्याचा त्रास असेल तर नक्कीच.

पैसे

हॉस्टेलचं माझं भाडं महिना ३४० युरो, त्यात वीज, हीटर, पाणी, इंटरनेट सगळं आलं. वेगेमध्ये ५१० युरो आणि इंटरनेटचे वेगळे. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट असतं, त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात (वर्षाचे ११,९०४ भरावे लागतात ना, त्याचे बारा हप्ते), त्यातून हेल्थ इन्शुरन्स गेला, प्रवास गेला, आणि वर ५१० भाडं गेलं की जेवणाखाण्याला जे उरतं त्यात भागतं पण हात आखडून. मला हॉस्टेलच्या सहा महिन्यांत फिरता आलं आणि वेगेच्या चार महिन्यांत फारसं नाही, इतका सरळ फरक पडला. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी असते त्याने घाबरू नका, करारातून आलेल्या एक्सचेंजवाल्यांना ती लागत नाही, घरी आईबाबांनाही हे आधीच सांगून ठेवा.

जाहिरातीत भाडं लिहिलेलं असतं त्यात कोल्ड आणि वॉर्म असे दोन आकडे असतात. कोल्ड म्हणजे नुसती खोली, वॉर्म म्हणजे हीटर-पाण्यासकट. वीज बऱ्याचदा त्यातही नसते, म्हणून नेहमी शेवटचा आकडा विचारा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्याइतकं घेता येतं, त्याच्या वर कोणी मागत असेल तर तिथेच थांबा.

एक खर्च मात्र हॉस्टेलमध्ये उलट जास्त बसतो. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी असते, महिना १८.३६ युरो, ती माणशी नाही, घराला एक. वेगेमध्ये आम्ही तिघांत वाटून भरायचो, सहा-सहा युरो. पण हॉस्टेलमध्ये कॉमन पॅसेजमधून दार असलेली प्रत्येक खोली वेगळं घर धरतात, म्हणजे पूर्ण १८.३६ एकट्याने. टीव्ही नाही असं सांगून उपयोग नाही. पत्र आलं की बाजूला ठेवू नका, थकलं की दंडासकट येतं.

दुसरं, हॉस्टेलचा करार सेमिस्टरच्या हिशोबाने चालतो. माझी लेक्चरं फेब्रुवारीच्या मध्यावर संपली पण करार ३१ मार्चपर्यंत होता. वेगेमध्ये एखादा मुलगा इंटर्नशिपला जातो आणि चार-पाच महिन्यांसाठी खोली देऊन जातो, त्याला त्स्विशनमीटं म्हणतात, त्यात तारखा आपल्याला हव्या तशा जुळू शकतात. एका सेमिस्टरवाल्यांसाठी वेगेच्या बाजूने बोलायचं तर हा एकच जोरदार मुद्दा आहे.

कागद

इथे हॉस्टेल सरळ सरळ जिंकतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, आनमेल्डुंग, आणि त्यासाठी जागा देणाऱ्याची सही असलेला एक फॉर्म लागतो. हॉस्टेलमध्ये तो सहज मिळतो, मला किल्लीबरोबरच हातात दिला. वेगेमध्ये खोली देणारा स्वतःच भाडेकरू असतो, त्याने घरमालकाला विचारलेलं असेलच असं नाही, आणि मग तो म्हणतो की फॉर्म देता येणार नाही पण राहा की. असं राहू नका. पत्त्याच्या नोंदीशिवाय टॅक्स नंबर नाही, काही बँका खातंही उघडत नाहीत, व्हिसा पुढे वाढवायचा तर तोही अडतो.

आणि फसवणूक. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीने पुण्यातूनच खोली ठरवली होती, फोटो सुंदर, भाडं कमी, मालक म्हणे परदेशात असतो, डिपॉझिट पाठवा किल्ली कुरिअर करतो. बाराशे युरो गेले. पत्त्यावर इमारत होती, त्या नावाचा माणूस नव्हता. पहिले नऊ दिवस ती माझ्या खोलीत जमिनीवर झोपली, आणि तिच्या वडिलांनी ते पैसे कसे उभे केले होते हे तिने मला तेव्हा सांगितलं. म्हणून पुन्हा सांगते, खोली बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर आतून फिरून आणि आत्ता राहणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय, एक सेंटही पाठवू नका.

पोचल्यावरचे पहिले दोन दिवस

हॉस्टेलची किल्ली केअरटेकरकडे, हाउसमाइस्टर म्हणतात त्याच्याकडे, आणि तो भेटतो कामाच्या दिवशी, ठरलेल्या तासांतच. शनिवारी सकाळचं स्वस्त तिकीट मिळालं म्हणून घेतलं तर सोमवारपर्यंत बाहेर राहावं लागेल, ती बचत तिथेच संपली. माझ्या खोलीत पलंग, गादी, टेबल, कपाट होतं, उशी नाही पांघरूण नाही. रविवारी दुकानं बंद. मी पहिली रात्र जॅकेट घालून आणि ओढणी पांघरून काढली. वेगेमध्ये उलट, दार उघडायला माणूस होता, गादीवर चादर होती, फ्रीजमध्ये एक कप्पा माझ्या नावाने मोकळा करून ठेवला होता, ते बघून मला फार बरं वाटलं होतं.

किचन

खरा निर्णय माझ्या मते इथे होतो.

ऑक्टोबरअखेर तिकडे घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातला फरक साडेचार तासांचा होतो. नोव्हेंबरमध्ये पाच-साडेपाचला अंधार पडतो. लायब्ररीतून येईपर्यंत आठ वाजतात, आणि तिकडचे आठ म्हणजे घरी रात्रीचे साडेबारा, आई झोपलेली असते. त्या वेळेला कोणाशी तरी दोन वाक्यं बोलावीशी वाटतात. त्या वेळेला तुम्ही कुठे असाल एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

माझ्या हॉस्टेलच्या मजल्यावर बारा खोल्या आणि एक किचन होतं. आठ वाजता तिथे कोणी ना कोणी असायचंच, मेक्सिकोची एक मुलगी, तुर्कस्तानचा एक पीएचडीवाला, दोन चिनी पोरं जी दर शुक्रवारी डम्पलिंग करायची आणि जो दिसेल त्याला लाटायला बसवायची. त्यांची पारी लाटायची लाकडी काठी आपल्या लाटण्यापेक्षा बारीक असते, कडा पातळ ठेवायची आणि मध्ये जाड, अगदी मोदकाच्या पारीसारखं, मी पहिल्याच दिवशी जमवलं आणि ते दोघं माझ्याकडे बघतच राहिले. पुढच्या आठवड्यात मी त्यांना वरण-भात घातला. फोडणी मात्र जपून, मोहरी-मिरचीच्या धुराने अलार्म वाजला तर सगळी इमारत खाली उतरते. खिडकी आधी उघडायची, तेल कमी तापवायचं आणि कढईवर लगेच झाकण टाकायचं.

किचन घाण असायचं हेही खरंय. भांडी दोन-दोन दिवस पडलेली, माझं दूध कोणीतरी संपवायचं, मांस आणि शाकाहारी एकाच तव्यावर. कडक शाकाहारी असाल तर आपला एक तवा आणि एक पातेलं खोलीत ठेवा, मी तेच केलं, कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

वेगेमध्ये किचन लख्ख होतं. पण माझ्या दोन्ही फ्लॅटमेट्सचं रात्रीचं जेवण म्हणजे सहा वाजता ब्रेड, चीज, काकडी, गरम काही नाही, आणि आठला मी यायचे तेव्हा दोघंही आपापल्या खोलीत. माणसं अतिशय चांगली होती, एकाने मला ताप असताना न सांगता औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या. पण त्यांचे मित्र, आईवडील, शाळेपासूनचा क्लब सगळं दीड-दोन तासांच्या अंतरावर होतं, शुक्रवारी दुपारी ते घरी जायचे आणि मी त्या फ्लॅटमध्ये एकटी. उन्हाळ्यात याचं काही वाटलं नाही, नऊपर्यंत उजेड असतो, मित्र जमलेले असतात. हेच नोव्हेंबरमध्ये, कोणाला ओळखत नसताना झालं असतं तर मी परतीचं तिकीट बघितलं असतं.

याच कारणाने हॉस्टेलमधलं सिंगल अपार्टमेंट, स्वतःचं किचन-बाथरूमवालं, मी सुचवत नाही. अर्जात ते सगळ्यात आकर्षक दिसतं. माझ्या वर्गातल्या एकाने ते घेतलं आणि डिसेंबरपर्यंत तो रोज संध्याकाळी आमच्याच मजल्यावर येऊन बसायचा.

भाषा आणि घरकाम

इथे वेगेचं पारडं जड. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मनची ए-टू, म्हणजे दुसरी पातळी केली होती, हॉस्टेलच्या सहा महिन्यांत त्यातलं अर्धं विसरले कारण मजल्यावर सगळं इंग्लिश. वेगेमध्ये चार महिन्यांत मी भांडायलाही शिकले, आणि तेही त्यांच्या श्वेबिश बोलीच्या वळणाने, शब्दांच्या मागे लाडाने ‘ले’ लावून, आपण कसं बाळ्या-चिंग्या करतो तसं. जर्मन शिकणं हाच तुमचा एक्सचेंजचा हेतू असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून वेगे शोधा, मी अडवणार नाही.

पण त्याबरोबर केअरवोखे येते. स्टुटगार्टकडची जुनी पद्धत आहे, इमारतीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. आमच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकायची, ती आली की आपली पाळी, आणि आठवडा संपला की आपण ती शेजारच्या दाराला लावायची. पहिल्या वेळी मी जिना नुसता झाडला, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, काही बोलल्या नाहीत, बादली घेऊन मला कठड्याच्या दांड्या कशा पुसायच्या ते एकेक करून दाखवलं. तिसऱ्या पाळीला त्या जिन्यात भेटल्या आणि ‘सुंदर’ म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्याकडे मला दर शनिवारी कॉफी आणि केक असायचा. बर्फ पडला की ज्याची पाळी त्याने कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत समोरचा फुटपाथही मोकळा करायचा असतो, मी उन्हाळ्यात होते म्हणून वाचले, हिवाळ्यात घेणाऱ्यांनी हे धरून चाला.

खोलीची खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, थंडीतसुद्धा, हे दोन्हीकडे सारखंच. ओले कपडे खोलीत वाळत घालून खिडकी बंद ठेवली की भिंतीला बुरशी धरते आणि ते डिपॉझिटमधून कापतात. रात्री दहानंतर आवाज नको हेही दोन्हीकडे, फक्त हॉस्टेलमध्ये कोणी पाळत नाही. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या.

तर अर्ज लेटर आलं त्याच आठवड्यात करा, खोलीच्या प्रकारात कॉमन किचनवाली पहिली पसंती टाका, विमान सोमवार ते गुरुवारमध्ये सकाळी उतरेल असं घ्या आणि एक पातळ रजई बॅगेत कोंबा. वर्षभर राहणार असाल तर जानेवारीत वेगेंना मेसेज टाकायला लागा, जर्मनमध्येच, चुका राहिल्या तरी चालतील, आणि तुमच्याबद्दल काहीतरी खरं लिहा. मी लिहिलं होतं की मला रात्री आठला गरम जेवायला लागतं आणि दोघांना पुरेल इतकं मी नेहमी जास्तच करते. सतरा मेसेजमधून जी तीन उत्तरं आली, त्या तिघांनीही विचारलं होतं की नेमकं काय बनवतेस.