टाटा ६९७ चा ब्लॉक-पिस्टन किट: जुन्या ट्रकचं इंजिन कमी पैशात बांधताना तो कितपत पुरतो?

१६१२, १६१३ अशा जुन्या टाटा गाड्यांचं ६९७ इंजिन दमलं की मालक आधी दुकानात जाऊन ब्लॉक-पिस्टन किटचा, म्हणजे पिस्टन, रिंगा आणि पिस्टन ज्या नळीत फिरतो ते लायनर यांच्या खोक्याचा, भाव विचारतो. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. चांगल्या कंपनीचा किट जरूर घ्यावा, पण हातातल्या पैशांपैकी निम्मे तरी किटच्या बाहेरच्या कामाला शिल्लक राहत असतील तरच. सगळी रक्कम खोक्यात घातली आणि मशीन शॉपला "जमेल तसं कर" म्हटलं, की महागातला महाग किटही वर्षभरात धूर मारायला लागतो.

इंजिनचं माप त्याच्या नावातच आहे. ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास). स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १२८ मिमी, म्हणजे एकूण ५६७५ सीसी. आधीचं ६९२ हे ९२ च्या बोअरचं. ४०७ मधलं ४९७ म्हणजे हाच ९७ चा बोअर, फक्त ४ सिलिंडर आणि १०० मिमी स्ट्रोक. हे आकडे पाठ असलेले बरे, कारण काउंटरवर चुकीचा माल हातात पडण्याची शक्यता इथेच असते. साधं, टर्बो आणि टर्बो-इंटरकूलर या तिन्ही ६९७ चा बोअर एकच, पण पिस्टन एक नव्हे. दुकानात जाताना जुना पिस्टन आणि पिन सोबत न्या. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, पिनचा व्यास आणि माथ्यावरच्या वाटीची खोली-रुंदी तिथेच व्हर्नियरने जुळवा. "सगळ्यांना हाच चालतो" या शब्दावर किट उचलू नका.

किटमध्ये साधारण ६ लायनर, ६ पिस्टन, ६ पिन, १२ लॉक आणि ६ सिलिंडरच्या रिंगा येतात. मेन आणि बिग एंड बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, रॉडचे बूश, रॉडचे बोल्ट, गॅस्केट सेट, व्हॉल्व्ह-गाईड, नोझल (डिझेल फवारणारी) यांतलं काहीही त्यात नसतं. खर्चाचा अंदाज चुकतो तो यामुळेच. लायनर-पिस्टन आपल्याकडेच बनतात, साताऱ्याची कूपर आणि कोल्हापूरची मेनन ही नावं या धंद्यात जुनी आहेत, त्यामुळे नामांकित माल मिळवायला फार धावपळ करावी लागत नाही. खोक्यावरचं होलोग्राम, पार्ट नंबर आणि पिस्टनच्या माथ्यावर मारलेला साइज नंबर एकमेकांशी जुळतात का, तेवढं पाहून पक्कं बिल घ्यावं.

इंजिन उतरवण्याआधी एक काम फुकटात होतं. एअर फिल्टरनंतरचा पाइप काढा आणि आत बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली, तर इंजिन कशाने झिजलं हे तिथेच कळलं. होज चिरलेला असतो, क्लॅम्प ढिला असतो किंवा फिल्टरचं रबर बसत नसतं. ते तसंच ठेवून नवा किट टाकला, तर नव्या रिंगाही त्याच धुळीने जातील. टर्बो असेल तर त्याच्या बाहेरच्या पाइपमध्ये तेल आहे का तेही बघा. टर्बोच्या सीलमधून जाणारं तेल आणि रिंगेवरून चढणारं तेल सायलेन्सरला सारखाच निळा धूर देतं, आणि कित्येक इंजिनं टर्बोच्या दोषापायी विनाकारण उघडली जातात. ब्रीदर (इंजिनच्या पोटातली हवा सोडणारी नळी) जोरात बॅक मारत असेल, म्हणजे धूर फेकत असेल, आणि गरम इंजिनला आयडलवर ऑइल प्रेशर पडत असेल, तर मात्र वर-खाली दोन्हीकडे काम निघणार असं धरून चाला.

हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरल्यावर बोअर गेज नसला तरी झीज मोजता येते. जुनी वरची रिंग बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तोंडातली फट फिलरने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आधी वर, रिंग जिथे फिरते त्या भागात, मग अगदी खाली, जिथे झीज होत नाही तिथे. वरची फट १.२ मिमी आणि खालची ०.६ आली, तर फरक ०.६. त्याला ३.१४ ने भागा. बोअर वर जवळजवळ ०.१९ मिमीने फाकलेला आहे. इतक्या फाकलेल्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकून गाडी जोडणं म्हणजे पैसे पाण्यात. दर फेऱ्याला रिंग वर पसरते, खाली आवळते, खोबणीत घासते, आणि वरच्या न झिजलेल्या कडेला नवी रिंग आपटून तुटते. नुसत्या रिंगांचं काम फक्त तिथेच करावं जिथे हा फरक नगण्य आहे आणि पिस्टनच्या खोबणीत नवी रिंग डुलत नाही.

आता लायनर. या इंजिनला ड्राय लायनर असतो, म्हणजे त्याच्या पाठीला पाणी लागत नाही, सगळी उष्णता ब्लॉकच्या भिंतीतून जाते. बाजारात सेमी-फिनिश (बसवल्यावर आतून मापात कापायचा) आणि फिनिश (आधीच मापाचा) असे दोन्ही मिळतात. फिनिश लायनर स्वस्त पडतो असं वाटतं, कारण बोअरिंगची मजुरी वाचते. पण जुन्या ब्लॉकमधलं लायनर बसायचं घर गोल राहिलेलंच असेल याची खात्री नसते, आणि पातळ लायनर घराचा आकार घेतो. घर अंडाकृती, तर लायनरही अंडाकृती. म्हणून जुन्या ब्लॉकला आमची पसंती सेमी-फिनिशला: आधी प्रेस करा, मग बोअर मारा, शेवटी होनिंग (दगडाने बारीक घासून शेवटचं माप देणं). बोअरिंग करताना ०.०५ मिमीच्या आसपास माल होनिंगसाठी शिल्लक ठेवायला सांगा. बोअरिंगच्या टूलच्या रेघा होनने पूर्ण निघाल्या नाहीत तर रिंगा बसत नाहीत.

प्रेस करण्याआधी घर कोरडं, चकचकीत साफ हवं. काही जण लायनर सहज सरकावा म्हणून पाठीला ग्रीस चोपडतात. ते ग्रीस पुढे जळून काजळी होतं, लायनर आणि ब्लॉकच्या मध्ये पडदा तयार होतो, आणि नेमका तिथेच पिस्टन धरतो, म्हणजे तापून अडकतो. लायनरची कॉलर ब्लॉकवर किती उभी राहते हे डायलने सहाही ठिकाणी बघा. एक खाली, एक वर असेल तर हेड गॅस्केट नवं असूनही फुटतं.

प्रत्येक पिस्टन स्कर्टवर, पिनच्या काटकोनात मोजून त्याचा बोअर त्याच्या मापाने काढायचा आणि पिस्टनवर सिलिंडरचा नंबर टाकायचा. क्लिअरन्स किटच्या पत्रकात छापलेला असतो, तो कागद मशीन शॉपच्या हातात द्या. रिंगेच्या तोंडाची फट बोअरच्या दर इंचाला ३ ते ४ थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे इथे साधारण ०.३० ते ०.४० मिमी. खोक्यातून काढलेली रिंग बरोबरच असते असं नाही. सहाही सिलिंडरच्या रिंगा बोअरमध्ये घालून मोजा, कमी असेल तर तोंड कानशीने सरळ घासा.

होनिंगनंतरची धुलाई हा या सगळ्या कामातला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. डिझेलने धुतलं की ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी होनिंगच्या रेघांत तशीच बसून राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश घेऊन बोअर घासायचा, लगेच सुकवायचा आणि तेल फिरवायचं. मग पांढरं सुती फडकं इंजिन ऑइलमध्ये भिजवून आत फिरवा. फडक्यावर राखाडी झाक आली तर परत धुवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी फडकं तेलाच्याच रंगाचं निघतं, तेव्हा बोअर जोडणीला तयार.

किटबाहेरच्या पैशांचा पहिला वाटा क्रँकला. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी आणि दोन टोकांना मायक्रोमीटरने मोजून घ्या, तडा तपासून घ्या, आणि बेअरिंग त्यानंतरच विकत घ्या. ग्राइंडिंगचे टप्पे पाव-पाव मिमीचे असतात, बाजारात त्यांनाच थाउच्या मापाने दहाचं, वीसचं, तीसचं म्हणतात. ग्राइंडरला एक गोष्ट बजावून सांगा: जर्नल आणि वेब (दोन जर्नलना जोडणारा हात) जिथे मिळतात तिथला गोलावा कायम राहिला पाहिजे. दगडाची कड ड्रेस न करता काटकोनी कोपरा पाडला तर क्रँक तिथूनच मोडतो, आणि मोडलेला क्रँक ब्लॉकही घेऊन जातो. ऑइलच्या भोकांच्या कडा मोडून घ्या, क्रँकमधल्या गॅलऱ्यांचे प्लग काढून तारेचा ब्रश घाला. ग्राइंडिंगची भुकटी आत राहिली तर नवं बेअरिंग पहिल्याच तासांत खरडतं. मग दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

पैसे वाचवायला बेअरिंगच्या पाठीमागे पन्नी घालणं किंवा कॅप घासून "टाइट" करणं अजून काही ठिकाणी चालतं. हे अजिबात करू देऊ नका. पन्नीमुळे शेलची (बेअरिंगच्या अर्ध्या कड्याची) पाठ घराला चिकटून बसत नाही, उष्णता जात नाही, आणि शेल फिरतो. घासलेली कॅप कायमची अंडाकृती होते, मग लाइन बोअरिंगचा खर्च मागे लागतो. रॉडचे बूश नवे बसवून रीम करून घ्या, रॉडचा बाक जिगवर तपासा. बाकलेला रॉड पिस्टनला एका बाजूने घासत ठेवतो आणि नव्या लायनरवर तिरका पट्टा उठतो. रॉडचे बोल्ट नवेच घ्या.

हेडला दुसरा वाटा. आधी पाण्याच्या प्रेशरवर तपासणी. तडा बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये किंवा सीट आणि नोझलच्या भोकाच्या मध्ये असतो. तडा असलेल्या हेडवर फेसिंग (तळ घासून सपाट करणं), सीट, गाईड असा खर्च करून बसू नका. फेसिंग केलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून सीट त्या हिशोबाने खाली घ्यावी लागते. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) झाल्यावर पोर्टमध्ये डिझेल ओतून दहा मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर परत लॅपिंग. जोडताना पिस्टनच्या माथ्यावर सोल्डरची तार ठेवून, जुनं गॅस्केट लावून हेड आवळून, क्रँक हाताने फिरवून तारेची जाडी मोजा आणि मॅन्युअलशी पडताळा. ब्लॉक आणि हेड दोन्ही फेस केलेल्या इंजिनला हे न करता स्टार्ट मारू नये.

पैसे वाचवायला जागा आहेत. ऑइल पंपच्या कव्हरवर गिअरचे चट्टे असतील तर नवा पंप लागेलच असं नाही. काचेवर एमरी पेपर ठेवून कव्हर आठच्या आकारात घासलं की पातळी परत येते. मग गिअर आणि कव्हरमधली फट मोजा. रॉकर शाफ्ट, पुशरॉड, टायमिंग गिअर तपासून जुनेच चालतात. कॅमशाफ्टच्या लोबवर खड्डे नसतील तर तोही चालतो. फ्युएल पंप बेंचवर लावून सहाही लाइनचं डिझेल समान आहे का एवढं बघून घ्या, जरूर असेल तरच एलिमेंट बदला. नोझलचे टिप मात्र बदलाच. तिथे तांब्याचा वॉशर प्रत्येकी एकच आणि नवा. जुन्यावर नवा चढवला तर टिप वर उचलली जाते, फवारा वाटीत पडत नाही, आणि सगळं नवं असूनही गाडी काळा धूर देते. हेड गॅस्केटला स्वस्तातलं घेऊ नका. बेअरिंग उडालेलं इंजिन असेल तर ऑइल कूलरही बदला किंवा नीट फ्लश करून घ्या, नाहीतर जुन्या बेअरिंगचा चुरा नव्यात येतो.

ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक शेवटच्या मापाच्याही खाली गेला असेल, तर किटचा विचार सोडा. टाटा मोटर्सच्या प्रोलाइफ योजनेत जुनं देऊन रीकंडिशन केलेलं घेता येतं. आपल्या मॉडेलचं उपलब्ध आहे का ते विचारा आणि दोन्ही खर्च शेजारी मांडून ठरवा.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) थंड इंजिनला इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पहिल्यांदा सुरू करताना स्टॉप ओढून ठेवा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत नुसतं क्रँक करा, अधूनमधून स्टार्टरला विश्रांती देत. सुरू झाल्यावर तासभर आयडलवर सोडणं ही जुनी पद्धत नव्या बोअरला मारक आहे. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या गॅसच्या दाबाने, आणि आयडलवर तो नसतो. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि तेल खाणं कायमचं मागे लागतं. गळती पाहा, इंजिन गरम होऊ द्या, मग अर्ध्या लोडने रस्त्यावर काढा. चढाला गिअर आधीच कमी करा, ओढून नेऊ नका. पहिल्या गरम-थंड फेरीनंतर हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने परत टॉर्क करून टॅपेट पुन्हा लावा.

पहिलं ऑइल ५०० ते १००० किलोमीटरच्या आत बदला. जुना फिल्टर फेकू नका, कापून कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर उलगडा. बारीक काळसर कण रिंगा बसतानाचे असतात, त्याची काळजी नको. पितळी चमक रॉडच्या बूशची आणि करडी पापुद्र्यासारखी चमक बेअरिंगची. ती दिसली तर गाडी लोडला न पाठवता आधी संप (खालचं ऑइलचं भांडं) उतरवा.