स्टिकरवरचे ६ टन आणि लोखंडावरचे ३

माझ्या पिकअपचे रिकामे वजन सुमारे ३,३०० किलो आहे आणि जड डिझेल इंजिनामुळे त्यातला निम्म्याहून अधिक भार पुढच्या अ‍ॅक्सलवर असतो. पुढचे ब्रेक स्वतःच बदलायचे ठरवल्यावर मी गाडी उचलणारा फ्लोअर जॅक आणि उचललेली गाडी टेकवून ठेवणाऱ्या जॅक स्टँडची जोडी एकाच विक्रेत्याकडून घेतली. “साहेब, एकेक स्टँड ६ टनांचा आहे, बिनधास्त वापरा,” असे त्याने सांगितले. स्टँडच्या पायावरही तोच आकडा ठळक छापलेला होता, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून मी गाडी उचलली, चेसिसखाली स्टँड ठेवले आणि जॅक सावकाश उतरवून भार त्यांच्यावर घेतला. काढलेली दोन्ही चाके मी नेहमीप्रमाणे चेसिसखाली आडवी सरकवली. खाली शिरण्यापूर्वी गाडी हाताने जोरात हलवून पाहिली, तेव्हा डाव्या स्टँडची खिट्टी, म्हणजे दांड्याच्या दातात अडकून त्याला वर धरणारा तुकडा, सुटली आणि दातेरी दांडा थेट तळापर्यंत खाली गेला. चेसिस त्या आडव्या चाकावर आदळून थांबली. मी बाहेर उभा होतो, एवढ्यामुळेच आज हे लिहू शकतो आहे.

नंतर स्टँड उजेडात नेऊन पाहिला. स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. तो सोलल्यावर खालच्या लोखंडावर उठावाची अक्षरे दिसली: ‘३ टन, जोडीसाठी’. म्हणजे एका स्टँडची क्षमता दीड टनच होती. त्यातही हा अमेरिकी टन असेल तर तो १,००० नव्हे, ९०७ किलोंचा असतो, म्हणजे एका स्टँडच्या वाट्याला जेमतेम १,३६० किलो येतात. गाडी सरळ उभी असताना माझ्या गाडीचा भार या मर्यादेत बसतो, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण गाडी एका बाजूला कलली की एकाच स्टँडवर किती भार येईल याची हमी कोण देणार? शिवाय स्टँड पडला तो खिट्टीमुळे. ती दातात पुरती बसतच नव्हती, टोकावर अडकून राहत होती, आणि दातांच्या कडा ओतकामातच बोथट राहिल्या होत्या. अमेरिकेत २०२० साली अशाच दोषासाठी, म्हणजे खिट्टी आणि दात नीट न जुळल्यामुळे, ३ आणि ६ टनांचे स्टँड मोठ्या प्रमाणावर परत मागवले गेले होते. मला हे खरेदीनंतर कळले.

उंचीनेही मला सावध करायला हवे होते. ६ टनांचे स्टँड बहुधा ६० सेंटिमीटरच्या आसपास उंच होतात. माझे ४२ वर संपत होते. जॅकचेही तेच. पिकअपची चेसिस मुळातच उंच असते, आणि गाडी उचलताना स्प्रिंग मोकळी होऊन चाक बराच वेळ जमिनीला टेकलेलेच राहते. तो जॅक पूर्ण वर जाऊनही चाक सुटेना, तेव्हा मी त्याच्या बशीवर, म्हणजे गाडीला टेकणाऱ्या वरच्या भागावर, लाकडी ठोकळा ठेवला. हे मी करायला नको होते, कारण उचलताना बशी कमानीत सरकते आणि ठोकळा निसटू शकतो.

विक्रेत्याने ‘वापरलेला माल परत घेत नाही’ म्हणून हात झटकले आणि स्टिकर कारखान्यातूनच आल्याचे सांगितले.

म्हणून जड गाडीसाठी स्टँड घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, क्षमता एका स्टँडची की जोडीची हे लेखी मागा आणि स्टिकर नव्हे, धातूवर कोरलेला आकडा वाचा. दुकानातच प्रत्येक दातावर खिट्टी बसवून वरून दाब देऊन पाहा, वेल्डिंगमध्ये भेगा किंवा छिद्रे आहेत का तेही तपासा. खिट्टीखेरीज आडवी पिन घालायची सोय असलेले स्टँड मिळत असतील तर तेच घ्या. आता मी तसेच वापरतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, कारण त्यातले तेल अडवणारे एक सील गळू लागले तरी गाडी खाली येते.

ते दोन्ही स्टँड मी कुणालाही दिले नाहीत. स्टिकरखालच्या अक्षरांचे फोटो काढून ठेवले आणि ग्राइंडरने दातेरी दांडे कापून मगच ते भंगारात टाकले, म्हणजे नवा स्टिकर लावून ते पुन्हा कुणाच्या गाडीखाली जाणार नाहीत.