‘आय ॲम बोअरिंग’ की ‘आय ॲम बोअर्ड’?

‘मले बोअर होऊन राहिलं’ हे वाक्य नागपुरात कुठेही ऐकू येतं. सीताबर्डीच्या गर्दीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, मेट्रोत. मुलाखतीची तयारी करून घेताना त्याचं इंग्रजी माझ्यापुढे येतं ते असं: ‘आय ॲम बोअरिंग.’ पोराला म्हणायचं असतं, मला कंटाळा आलाय. समोरच्याला ऐकू येतं, मी कंटाळवाणा माणूस आहे. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला बसलेल्या उमेदवारासाठी हा फरक लहान नाही. म्हणून ही दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवून पाहू.

भावना ज्याच्या मनात येते त्याला ईडीवालं (‘बोअर्ड’सारखं) रूप लागतं, आणि ज्याच्यामुळे ती येते त्याला आयएनजीवालं (‘बोअरिंग’सारखं). मराठीत ही फोड आपण लहानपणापासून करत आलोय. दमलेला माणूस, दमवणारा प्रवास. गोंधळलेला विद्यार्थी, गोंधळात टाकणारा प्रश्न. निराश झालेले प्रेक्षक, निराश करणारा निकाल. मनात ‘-लेला’ किंवा ‘झालेला’ आलं तर टायर्ड, कन्फ्यूज्ड, डिसअपॉइंटेड. ‘-णारा’ आलं तर टायरिंग, कन्फ्यूजिंग, डिसअपॉइंटिंग. निवड करताना मी मुलांना हीच कसोटी वापरायला सांगतो, कारण ती पाठ करावी लागत नाही.

मग चूक होते कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही आपल्या बोलण्यातच आहेत. पहिलं म्हणजे आपलं ‘होऊन राहिलं’. शाळेत शिकवलेलं असतं की ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ असं काही चालू असेल तर ‘ॲम’ लावायचं आणि क्रियापदाला आयएनजी जोडायचं. ‘मी जाऊन राहिलो’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’, हे बरोबरच आहे. त्याच चालीवर ‘मी बोअर होऊन राहिलो’चं ‘आय ॲम बोअरिंग’ होतं. पण इंग्रजीत ‘बोअर’ या क्रियापदाचा अर्थ कंटाळा येणं नाही, कंटाळा आणणं असा आहे. ‘द स्पीकर इज बोअरिंग अस’ म्हणजे वक्ता आपल्याला पिळतोय. कंटाळा चालू आहे हेच सांगायचं असेल तर ‘आय ॲम गेटिंग बोअर्ड’ म्हणा. ‘इरिटेट होऊन राहिलं’चंही तेच: ‘आय ॲम गेटिंग इरिटेटेड.’

दुसरं ठिकाण म्हणजे मराठीत आणताना आपण या शब्दांचं शेपूट कापतो. ‘पिक्चर बोअर होता’ आणि ‘मी बोअर झालो’, दोन्हीकडे शब्द एकच. ‘मी कन्फ्यूज आहे’, ‘ती एक्साइट झाली’ हेही तसंच. मराठीत त्याने काही बिघडत नाही, कारण बाकीचं वाक्य अर्थ सांभाळून घेतं. इंग्रजीत शिरताना मात्र कापलेलं शेपूट परत जोडावं लागतं आणि ते ऐकूही यावं लागतं. ‘आय ॲम बोअर’ म्हटलं तर अर्थ पुन्हा घसरतो. ‘बोअर्ड’मधला शेवटचा ड नीट म्हणा. ‘शॉक्ड’च्या शेवटी ट ऐकू येतो. ‘एक्सायटेड’, ‘डिसअपॉइंटेड’ यांत शेवटी एक अख्खं अक्षर वाढतं.

एकाच प्रसंगात दोन्ही रूपं कशी चालतात ते नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी इथं झाली. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत आटोपला आणि भारत एक डाव १३२ धावांनी जिंकला, तोही तिसऱ्याच दिवशी, शनिवारी. भारताचा पाठीराखा म्हणेल, ‘द विन वॉज सॅटिस्फाइंग.’ आणि रविवारी खेळ बघायला जायचं ठरवून बसलेला तोच माणूस म्हणेल, ‘बट आय वॉज डिसअपॉइंटेड.’ कशामुळे? ‘द अर्ली फिनिश वॉज डिसअपॉइंटिंग.’ विजय आणि लवकर संपलेला सामना ही कारणं, म्हणून आयएनजी. मन प्रेक्षकाचं, म्हणून ईडी.

‘माणसाला ईडी, वस्तूला आयएनजी’ असा सोपा नियम बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. मला तो मान्य नाही. माणूसही कारण असू शकतो. सतत फोन करून छळणाऱ्याला ‘अनॉइंग’च म्हणतात, आणि त्याचे फोन घेऊन वैतागलेला मी ‘अनॉइड’. उलट बाजूनं पाहिलं तर चेहरा, आवाज, हसू यांना ईडी लागतं: ‘अ वरीड फेस’, ‘अ सॅटिस्फाइड स्माइल’. चेहरा काळजी करत नाही, पण त्यावर दिसणारी काळजी माणसाच्या मनातली असते. ‘अ वरीइंग फेस’ म्हटलंत तर तो चेहरा पाहून दुसऱ्यालाच काळजी वाटावी, असा अर्थ निघेल. तेव्हा समोर माणूस आहे की वस्तू हे बघू नका. भावना कुणाची, एवढंच विचारा.

काही जोड्यांत आयएनजीची जागा दुसऱ्याच रूपानं घेतलेली असते. घाबरलेला ‘स्केअर्ड’, पण भीतीदायक ते ‘स्केअरी’. ‘इम्प्रेस्ड’समोर ‘इम्प्रेसिव्ह’, ‘स्ट्रेस्ड’समोर ‘स्ट्रेसफुल’, ‘डिलाइटेड’समोर ‘डिलाइटफुल’. या जोड्या पाठच करा, इथं तर्क कामी येत नाही. आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात ते ‘आय ॲम टेन्स्ड’ भारताबाहेर खटकतं. तिथं ‘टेन्स’ किंवा ‘स्ट्रेस्ड’ म्हणा.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की लागणारा शब्द म्हणजे ‘एक्झॉस्टेड’, पार गळून गेलेला. त्याच्या अर्थातच पुरेपूरपणा आहे, म्हणून त्याच्याआधी ‘व्हेरी’ शोभत नाही, ‘कम्प्लीटली’ शोभतं. ‘टायर्ड’ला ‘व्हेरी’ चालतं. ऊन स्वतः अर्थातच ‘एक्झॉस्टिंग’.

रूप बरोबर निवडलं तरी पुढचा छोटा शब्द चुकला की वाक्य अडखळतं. ‘इंटरेस्टेड’पुढे ‘इन’ येतो, ‘एक्सायटेड’पुढे ‘अबाउट’, ‘बोअर्ड’पुढे ‘विथ’ किंवा ‘बाय’. आयएनजीवाल्यापुढे बहुतेक वेळा ‘फॉर’ किंवा ‘टू’ येतो: ‘इंटरेस्टिंग टू मी’, ‘टायरिंग फॉर हर’. म्हणून मुलाखतीत ‘आय ॲम इंटरेस्टेड इन धिस वर्क’ म्हणा, किंवा ‘धिस वर्क इज इंटरेस्टिंग टू मी’. दोन्ही बरोबर आहेत, पण पहिलं अधिक सहज वाटतं, मी तेच सुचवीन. ‘टायर्ड’च्या बाबतीत तर हा छोटा शब्द अर्थच बदलतो. रेल्वेनं मुंबईहून परतल्यावर अंग दुखत असेल तर ‘टायर्ड फ्रॉम द जर्नी’ म्हणा. ‘टायर्ड ऑफ द जर्नी’ म्हटलंत तर ऐकणारा समजेल की तुम्ही त्या प्रवासालाच विटला आहात.