अकरा आठवड्यांची नोकरी आणि ३०० रुपयांचा बायोडाटा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका दुकानातून मी गेल्या महिन्यात ३०० रुपये देऊन बायोडाटा करून घेतला. टंकलेखन स्वच्छ होते, मजकूर एका पानात बसला आणि काम त्याच संध्याकाळी हाती आले. (फोटोत मी आहे त्यापेक्षा बराच गोरा दिसतो, पण ते चालवून घेतले.)

माझी अडचण निराळी होती. चार वर्षे मी मशीन शॉपमध्ये तपासणीचे काम केले, आणि अर्ज करायचा होता गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील) सँड लॅबसाठी, म्हणजे साच्याची वाळू तपासणाऱ्या प्रयोगशाळेसाठी. त्या कामाचा माझा अनुभव म्हणजे शिरोली एमआयडीसीत डिसेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात केलेली अकरा आठवड्यांची नोकरी. ऑर्डर कमी झाल्यावर ती संपली. "एवढीशी नोकरी कशाला लिहिता, टिकला नाहीत असे वाटेल," असे दुकानदारांचे पहिले मत पडले. मी आग्रह धरल्यावर त्यांनी ती लिहिली खरी, पण महिने गाळून नुसते '२०२३-२०२४' असे, म्हणजे वाचणाऱ्याला अकरा आठवड्यांची दोन वर्षे वाटावीत. यूएएनच्या (पीएफच्या खाते क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, हे ठाऊक असल्याने मी महिने घालायला लावले.

त्यानंतर मात्र त्यांनी जे केले ते पैसे वसूल करणारे होते. रोज नेमके काय करत होता, हे खोदून विचारून त्यांनी वाळूतील ओलावा, पर्मिअ‍ॅबिलिटी, कॉम्पॅक्टॅबिलिटी आणि ग्रीन स्ट्रेंथ या चाचण्या स्वतंत्र ओळीत घेतल्या, ही नोकरी सर्वात वर आणली आणि 'ऑर्डरअभावी काम संपले' एवढेच कारण कंसात दिले. मला स्वतःला हे सुचले नसते.

एक गोष्ट त्यांनी विचारायला हवी होती. माझा पीएफ फौंड्रीने नव्हे, ठेकेदाराने भरला होता, त्यामुळे नोंदीत नाव ठेकेदाराचे आहे. बायोडाट्यात नुसते फौंड्रीचे नाव राहिले असते, तर पडताळणीत दोन्ही जुळले नसते. घरी आल्यावर ते लक्षात आले आणि 'ठेकेदारामार्फत' हा शब्द घालण्यासाठी पुन्हा जावे लागले. तेव्हा त्यांनी दोन्ही दुरुस्त्यांचे मिळून ५० रुपये वेगळे घेतले. ठेकेदाराचे मी सांगितले नव्हते, म्हणून त्याचे पैसे मान्य. पण महिने गाळण्याची चूक त्यांचीच होती.