टी टेस्ट की मान-व्हिटनी? द्राक्षाच्या आकड्यांवरून सांगतो

दोन गटांतला फरक खरा की नुसता योगायोग, हे तपासायला संख्याशास्त्रातली कुठली चाचणी घ्यायची? रोग आहे की नाही, एवढंच मोजलं असेल तर प्रश्नच नाही. भुरी पडलेली आणि न पडलेली झाडं मोजायची, काय-स्क्वेअर ही मोजणीच्या आकड्यांची चाचणी लावायची. तक्त्याच्या एखाद्या चौकटीत अपेक्षित (म्हणजे फरक नसता तर आली असती ती) संख्या पाचाच्या खाली गेली तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. खरी अडचण उत्पन्न किलोत मोजलं की येते.

तासगावकडं मामेभावाच्या बागेत पाच झाडांना नेहमीचं खत दिलं, पाचांना नवी मात्रा. आकडे सोपे करून सांगतो. जुनी झाडं 10, 11, 12, 13, 14 किलो. नवी 15, 16, 17, 18 आणि पाटाच्या कडेचं शेवटचं 34 किलो. त्या झाडाला पाणी जास्त मिळत असणार.

हे शेवटचं झाड 19 किलोचं असतं तर टी (सरासरीतला फरक भागिले त्यातली अंदाजे चूक) 5 आला असता, निकाल स्पष्ट. 34 मुळं नव्या खताची सरासरी 17 वरून 20 वर गेली आणि टी मात्र 2.22 वर घसरला. फरक योगायोगाचा नाही असं पाच टक्क्यांच्या पातळीला म्हणायला निदान 2.31 लागतो. म्हणजे उत्पन्न वाढलं आणि पुरावा कमी झाला! कारण तेवढ्या एका झाडानं विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, फुगवलं. दोन गटांचा पसारा वेगळा असतो तेव्हाची वेल्चची सुधारित टी टेस्टही इथं वाचवत नाही. मग ते झाड वगळायचं का, यावर आमची संध्याकाळ गेली. वगळलं असतं तर भावाला तोंड दाखवायला जागा नव्हती. झाड त्याचंच, माल खराच.

मान-व्हिटनी फक्त क्रम बघते. 34 काय नि 19 काय, दोन्हींचा नंबर दहावाच. पाचही नवी झाडं जुन्यांच्या वर, पी (खतानं फरक पडत नसता तरी योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.008. तेव्हापासून माझा हात आधी तिकडंच जातो. आकडे खरंच नॉर्मल (सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरलेले) असले तरी नमुना मोठा असताना ती टीच्या सुमारे 95 टक्के कार्यक्षम राहते, म्हणजे किंमत फार मोजावी लागत नाही.

टी टेस्टला मी कमी लेखत नाही. "एकरी किती वाढलं?" असं शेतकरी विचारतो, तेव्हा सरासरीतला फरक आणि तो किती ते किती असू शकतो हे टीवाली पद्धतच सरळ देते, मान-व्हिटनीतून ते काढायला वेगळा खटाटोप करावा लागतो. त्याच झाडाचं आधी-नंतरचं मोजमाप असेल तर या दोन्ही सोडा. जोडीची टी किंवा विल्कॉक्सनची साइन्ड-रँक (जोड्यांसाठीची, क्रमावर चालणारी चाचणी) घ्या.

आणि तीन-तीनच झाडं असतील तर मान-व्हिटनीकडं जाऊ नका. सगळं मनासारखं आलं तरी दोन्ही बाजूंचा (वाढ आणि घट दोन्ही धरून) पी 0.1 च्या खाली उतरत नाही, पाच टक्के म्हणजे 0.05 तर लांबच. चार-चार घेतली की 0.029 पर्यंत जाता येतं.