वूझेन, चीन : मुक्काम करणार असाल तरच जा

मी सांगलीची, गावभागातली. कांदा-लसूण चटणी आणि मसाल्यांचा आमचा छोटा कारखाना आहे. पॅकिंग मशिनचं प्रदर्शन बघायला ह्यांच्याबरोबर शांघायला गेले होते. दोन दिवस हातात उरले, म्हणून वूझेन केलं. कालव्यांवरचं जुनं गाव आहे आणि ते नव्यानं उभं केलंय, एवढंच ऐकलं होतं. नव्यानं उभं केलेलं म्हटल्यावर मनात शंका होतीच.

आधी जायचं कसं ते सांगते. शांघायहून फास्ट ट्रेननं तोंगशियांग, तिथून बसनं वूझेन. एका एजंटानं आम्हाला सकाळी नेऊन संध्याकाळी आणायची सहल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. गावात जेमतेम तीन तास मिळणार होते. आम्ही नको म्हटलं आणि स्वतः गेलो, ते फार बरं झालं.

वूझेनमध्ये बघायचे भाग दोन आहेत. पूर्वेकडचा तोंगझा 2001 साली उघडला, पश्चिमेकडचा शीझा 2007 साली. आम्ही शीझात राहिलो, तिथलं तिकीट माणशी 150 युआन पडलं. तिथली माणसं आधी बाहेर हलवली, मग घरं दुरुस्त केली, काही पार नव्यानं बांधली, रस्त्याच्या फरशा उचलून खाली पाईप आणि वायरी घातल्या. त्यामुळं वर नजर टाकली तर एकही तार लोंबत नाही. काळी कौलं, पांढऱ्या भिंती, आणि घरांची मागची बाजू खांबांवर थेट पाण्यात. खिडकीतून हात घातला तर कालव्याला लागेल असं वाटतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा नदी 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यामुळं पाण्याला इतकं खेटलेलं घर बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. पहिली रात्र मी नीट झोपले नाही. दोनदा उठून खिडकीतून पाणी बघितलं. ते होतं तिथंच होतं.

पहाटे साडेपाचला उठून घरामागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. दिवसाच्या गर्दीतलं एक माणूस नव्हतं. काठाच्या भिंतीत नाव बांधायचा दगड आहे, त्याला आरपार भोक. त्यात बोट फिरवलं तर आतली कड दोरीनं घासून घासून गुळगुळीत झालेली. वरचं लाकूड नवं असेल, पण हा दगड जुना आहे. सांगलीत कृष्णेकाठच्या माई घाटावर मी आजीबरोबर कपडे धुवायला जायचे तेव्हा पायाखाली लागणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या आठवल्या.

खोलीची व्यवस्था बघणाऱ्या काकू आधी त्याच घरात राहायच्या. फोनवरच्या भाषांतरातून आमचं बोलणं चाललं. लग्न होऊन त्या याच घरात आल्या. आता गावाबाहेर फ्लॅट आहे, रोज सकाळी बॅटरीच्या स्कूटरवर येतात. वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी आधी स्वच्छ संडास आणि प्यायच्या पाण्याचा नळ दाखवला, आणि मग खालच्या खोलीतला कोपरा दाखवला, जिथं त्यांची चूल होती. पुढं काही बोलल्या नाहीत. मलाही पुढं विचारवलं नाही.

हेच मला शीझाबद्दल सांगायचं आहे. सगळं नीटनेटकं आहे, पण दारात वाळत घातलेलं धुणं नाही, दप्तर घेऊन पळणारं पोर नाही. दिव्यांच्या उजेडात रात्री गाव देखणं दिसतं, फोटो झकास येतात, पण संध्याकाळी सहा ते नऊ पुलांवर चालायला जागा नसते.

जिथं खरंच काम चालतं तिथं मात्र मी रमले. 1859 सालच्या सोया सॉसच्या पेढीचं अंगण अजिबात चुकवू नका. कमरेएवढे रांजण रांगेनं मांडलेत आणि प्रत्येकावर बांबूची निमुळती टोपी. इरली घेऊन बायका भातलावणीला उभ्या असाव्यात तसं दिसतं. उकडलेल्या सोयाबीनला पीठ लावून बुरशी धरू देतात, मग मिठाच्या पाण्यात घालून कित्येक महिने उन्हात ठेवतात. पाऊस आला की टोपी, ऊन पडलं की उघडं. एका रांजणावरची टोपी काढलेली होती. आत काळपट लगदा, वर उन्हानं तडकलेली साय, आणि वास काकवीचा, पण खारट. मी वाकून किती वेळ वास घेत होते कोण जाणे, शेवटी ह्यांनी हाक मारली. चटणीची मिरची डंकावर न्यायच्या आधी गच्चीवर वाळत घालताना ढग आले की जीव कसा वरखाली होतो, ते मला ठाऊक आहे. या माणसांचं सगळं आयुष्य तसल्या उन्हावर गेलंय. सॉसची एक बाटली घेतली. आता तुरीच्या आमटीत अर्धा चमचा घालते, छान लागतो.

निळीचा कारखानाही बघा. सोयाबीनचं पीठ आणि चुना यांचा लगदा कापडावर छापतात, कापड निळीत बुडवतात, वाळलं की लगदा खरवडून काढतात. खालची नक्षी पांढरी उरते. उंच बांबूंवर ही कापडं सोडलेली असतात.

शाकाहारी लोकांनी 'वो ची सू' हे तीन शब्द पाठ करावेत, म्हणजे मी शाकाहारी आहे. काकूंनी लसणीची पालेभाजी, टोफू आणि भात असं पोटभर जेवण दिलं. तिथं एक तिळाची वडी मिळते, तिच्या नावाचा अर्थच नणंद-भावजय! गोष्ट अशी सांगतात की बापानं वडीची कृती सुनेला शिकवली, लेकीला नाही. लेकीनं रागानं भावजयीच्या पिठात मीठ टाकलं, आणि तीच वडी लोकांना जास्त आवडली. मात्र पारंपरिक वडीत डुकराची चरबी असते, म्हणून विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. आम्ही विचारलं आणि तशीच परत ठेवली.

तिथं फोनवरून पैसे द्यायचं अलीपे नावाचं ॲप आहे, त्याला आपलं व्हिसाचं बँक कार्ड भारतातूनच जोडून घ्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते.

निघायच्या आधी गावाच्या पश्चिम टोकाला असलेल्या पांढऱ्या कमळाच्या मनोऱ्यावर चढा. गुडघे दुखत होते तरी मी चढले. एका बाजूला खाली हे आवरून ठेवलेलं गाव, आणि दुसऱ्या बाजूला बीजिंग ते हांगझोउ हा जवळजवळ 1,800 किलोमीटरचा मोठा कालवा, 2014 पासून जागतिक वारसा यादीत असलेला. त्यात वाळूनं भरलेले पडाव एकामागोमाग एक चालले होते, काठ पाण्याला टेकेल इतके जड. एका पडावावर दोरीवर धुणं वाळत होतं. ते वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभी राहिले.