दादांच्या थॅलिडोमाइडचे आठ महिने

आमच्या दादांना मल्टिपल मायलोमा आहे, अस्थिमज्जेतला कॅन्सर. आम्ही सेलू तालुक्यातले, दवाखाना संभाजीनगरला. ऑगस्टपासून रोज रात्री थॅलिडोमाइडची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ॲस्पिरिन.

मोबाईलवर नाव शोधलं तर हात-पाय अर्धवट वाढलेल्या बाळांचे फोटो आले. हादरलोच. 1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेसाठी निघालेलं हे औषध गरोदर बाया मळमळीवर घ्यायच्या. 1961 च्या अखेरीस तिथं ते बंद झालं, पण एकूण 10,000 हून जास्त बाळांचं नुकसान झालं होतं. पुढं 1964-65 च्या सुमारास जेरुसलेमला डॉ. जेकब शेस्किन यांनी दुखण्यानं तळमळणाऱ्या कुष्ठरोग्यांना झोप लागावी म्हणून तेच दिलं, तर अंगावरच्या लाल दुखऱ्या गाठीही बसल्या. दाहावरचा गुण असा कळला. मायलोमावरचा उपयोग 1999 मध्ये छापून आला.

गुण आम्हालाही आला. उठून बसायला ज्यांना माणूस लागायचा, ते दादा हुरड्याला पायी शेतात आले. हिमोग्लोबिन 7.8 वरून 10.9. पोट साफ होत नाही, त्यावर रोज इसबगोल.

खरी चूक पायांबाबत झाली, आणि ती माझी. 'तळपायाला मुंग्या येतात' असं ते दिवाळीपासून म्हणत होते. मी वयावर ढकललं. जानेवारीत पऱ्हाटीचं खुंट पायात घुसलं, चपलेत रक्त साचलं, आणि दादांना पत्ताच नाही! ते आईनं पाहिलं. हे औषध नसा बधिर करतं. डॉक्टरांनी डोस 50 वर आणला, पण गेलेली जाणीव पूर्ण परतेलच असं नाही म्हणाले. मुंग्या सुरू झाल्या त्याच दिवशी फोन करायला हवा होता.

दुसरी गोष्ट घरातल्या बायकांची. औषधं आधी धाकट्या भावाची बायको द्यायची. लग्नाला वर्षही झालेलं नाही. दादांना कॅप्सूल गिळवेना, तर ती फोडून मधात द्यायला निघाली होती. मी हातातून काढून घेतली. दिवस राहू शकतील अशा बाईनं ही पूड हाताळूच नये. मेडिकलवाल्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आता डबी माझ्या पेटीत, कुलपात. रात्री नऊला कॅप्सूल मीच देतो आणि बॅटरी लावून दोन्ही तळपाय बघतो.